होडी, शिडी आणि आग्नेसबाईंचं उखळ

कटिंग टेबलाखाली चिंध्या कशा साठतात, ते शिवणकामाच्या गाळ्यात राबलेल्या माणसालाच विचारा. सकाळी लख्ख झाडून घ्यावं, दुपारी वाकून बघावं तर पुन्हा ढीग! आमच्याकडच्या किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी साठवत नाही. काम चालू असतं, मध्येच काहीतरी घडतं, चहाला बसल्यावर कोणीतरी ते तिखटमीठ लावून सांगतं, आणि ढिगात आणखी एकाची भर पडते.

आमचा गाळा वसई ईस्टला. टी-शर्ट, टोप्या, झेंडे, बॅनर असं सगळं निवडणुकीचं सामान आम्ही बनवतो. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. रोज विरारच्या फुलपाड्यातून येते, आणि मला सगळे मॅडम म्हणतात, कारण एसी फक्त माझ्या टेबलापाशी आहे.

आता गंमत अशी, की वसई-विरारच्या निवडणुकीचं एकही काम आम्ही घेत नाही. आमचे मालक पास्कल, म्हणजे सगळ्यांचे पास्कूशेठ, म्हणतात, "इथे ज्याचा झेंडा छापावा तो मेव्हणा, ज्याचा छापला नाही तो चुलतभाऊ. आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला दोघंही माझ्याच बाकावर!"

म्हणून आमचं सगळं राजकारण परदेशी. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा एक देश आहे, त्याचं. देशाचं नाव सांगणार नाही, गिऱ्हाइकाचं नाव फोडायचं नाही हा शेठचा नियम आहे. पण त्या देशात कोण कोणाशी का भांडला, हे आमच्या गाळ्यातल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा तोंडपाठ आहे.

या वर्षी तिकडे निवडणूक झाली, आणि आमच्या सगळ्यांचा जीव एका बाईत अडकला होता. आग्नेसबाई. तळ्याकाठच्या एका मतदारसंघातून अपक्ष उभ्या होत्या. त्या निवडून येणार की पडणार, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही कित्येक दिवस जेवलो आणि झोपलो. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधीची मंडळी भेटायला हवीत.

*

पहिला माणूस गॉडफ्री. तिकडच्या पक्षांच्या ऑर्डरी घेऊन येणारा एजंट.

तो पहिल्यांदा येणार होता, तेव्हा शेठ घरी आईला एवढंच म्हणाले, "उद्या गॉडफ्री येतोय आफ्रिकेहून. जेवायला आणतो."

आता वसईत वाडीगणिक एक तरी गॉडफ्री सापडतो. आईंना वाटलं, आपल्यातलाच कोणीतरी नोकरीला बाहेर गेलेला मुलगा सुट्टीवर येतोय. शेठनी बायकोचा उल्लेख केला नव्हता, म्हणजे लग्नाचाही असणार! आईंनी लगेच शेजारणीला निरोप धाडला. शेजारणीची मुलगी लग्नाची होती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी नवीन ड्रेस घालून सरबताचा ट्रे घेऊन तयार.

दारातून आला तो हा सव्वासहा फुटी, काळाभोर, हसरा गॉडफ्री! आत आल्याआल्या त्याने घरातल्या येशूच्या वेदीसमोर गुडघा टेकला, क्रुसाची खूण केली आणि आईंचा हात हातात घेतला. मुलीच्या हातातला ट्रे तिथेच थांबला. शेजारीण भिंतीला टेकली.

आई मात्र जराही डगमगल्या नाहीत. "कुठल्या पॅरिशचा, कुठल्या चर्चचा रे तू?" शेठनी इंग्रजीत विचारलं, त्याने सांगितलं. आईंनी मान डोलावली. मग जेवताना त्याने कौतुकाने मोबाइलमधले बायकोचे आणि पोरांचे फोटो दाखवले.

तो गेल्यावर आई शेठवर जाम भडकल्या. "एवढा देवभीरू मुलगा! लग्नाच्या आधी नाही का आणायचा घरी?"

*

गॉडफ्री महिनामहिना राहायचा. नायगावला खाडीकडच्या टॉवरमध्ये फ्लॅट घ्यायचा भाड्याने, आणि दिवसभर आमच्याकडे बसायचा. त्यानेच आम्हाला त्यांचा इतिहास शिकवला.

गोरे गेले, देश स्वतंत्र झाला. लढ्याचे पुढारी एक शाळामास्तर होते, ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा पक्ष होडीवाला, रंग हिरवा. देशाला समुद्र नाही, पण तळं समुद्राएवढं आहे, म्हणून होडी. पहिली काही वर्षं लोकांनी मास्तरांना डोक्यावर घेतलं. मग मास्तर म्हणाले, एवढं चांगलं चाललंय तर दुसरे पक्ष हवेत कशाला? आणि बाकीच्या पक्षांवर बंदी!

"मग निवडणुका?" आमच्या भारतीताईंनी विचारलं. या पॅकिंगच्या हेड, कामणच्या. घरी भातशेती, इथे वीस बायकांवर दरारा.

गॉडफ्री म्हणाला, "व्हायच्या ना. मतपत्रिकेवर एकट्या मास्तरांचं नाव. खाली दोन चौकोन, हो आणि नाही."

भारतीताई टोपीची घडी घालता घालता म्हणाल्या, "मंग आमच्या लग्नासारखाच की! एकच पोरगा दाखवायचा आनि इचारायचा, पसंत हाय का!"

शेठनी हे इंग्रजीत सांगितलं, तेव्हा गॉडफ्री खुर्चीतून खाली सरकला होता. तिकडे जाऊन त्याने हे कोणाकोणाला ऐकवलं देव जाणे. पुढच्या खेपेला आलेला एक पुढारी आल्याआल्या म्हणाला, "ती लग्नवाली बाई कोण, मला तिला भेटायचंय."

*

पुढे मास्तर म्हातारे झाले, लोक कंटाळले, रस्त्यावर आले, आणि बंदी उठली. होडीतूनच काही जण बाहेर पडले आणि त्यांनी दुसरा पक्ष काढला. चिन्ह शिडी, रंग पिवळा. तेव्हापासून कधी होडी, कधी शिडी. दोघांचे टी-शर्ट आम्हीच छापतो. एका मशीनवर हिरवे, दुसऱ्यावर पिवळे.

आमचा स्क्रीन प्रिंटर हरेश्वर, पाचूबंदरचा कोळी. बाप, भाऊ, मेव्हणे सगळे बोटीवर. हा एकटा शाईत पडला. होडीवाल्यांची पहिली मोठी ऑर्डर आली, तेव्हा त्याने चिन्ह बघितलं आणि तोंड वाकडं केलं. साधी वल्ह्याची होडी होती. तिच्यावर ना झेंडा, ना काही.

मला काही न विचारता पठ्ठ्याने स्क्रीनवर होडीच्या टोकाला एक फडफडणारा झेंडा काढला. डबा उघडा होता पिवळ्या शाईचा, म्हणून झेंडा पिवळा! नमुन्याचा शर्ट कुरिअरने तिकडे रवाना.

मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "हरेश्वर, अरे पिवळा रंग विरोधी पक्षाचा!"

"मॅडम, रंगाचा मी बघीन नंतर. पन बोडकी होडी पान्यात घालाची नाय. आमच्यात कोन घालत नाय!"

त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीने ऑर्डर संपली होती. सत्ताधारी पक्षाच्या होडीवर विरोधकांचा झेंडा! शर्ट तिकडे पोचायचा त्या दिवशी शेठ दिवसभर फोन उलटा ठेवून बसले होते.

संध्याकाळी गॉडफ्रीचा फोन आला. हसून हसून त्याला बोलता येईना. म्हणाला, "पक्षाच्या ऑफिसात सगळ्यांनी शर्ट बघितला. चिटणीस मला बाजूला घेऊन विचारत होते, आमचे निम्मे लोक आतून शिडीला मिळालेत, हे वसईत कसं कळलं?"

*

फोटोचं काम माझ्याकडे. होडीवाल्यांचा एक जुना फोटो आहे, स्वातंत्र्याच्या दिवशीचा. मधोमध मास्तर, आजूबाजूला लढ्यातले साथीदार, सगळे हात उंचावून उभे. दर निवडणुकीला तो बॅनरवर लागतो. आणि दर निवडणुकीला गॉडफ्री माझ्या शेजारी खुर्ची ओढून सांगतो, "यातला डावीकडचा काढा. तो शिडीत गेला."

मी काढते. एकदा घाईत मी माणूस काढला आणि त्याचा हात शेजारच्याच्या खांद्यावर राहिला. नुसता हात! बॅनर छापून झाल्यावर भारतीताईंना दिसला. त्या म्हणाल्या, "ऱ्हावंद्या मॅडम. गेलेला मानूस कुटंतरी हात ठेवूनच जातो."

पुढच्या निवडणुकीला गॉडफ्री पुन्हा खुर्ची ओढून बसला. जरा ओशाळलेला. "तो डावीकडचा आठवतो? तो परत आलाय पक्षात. बसवता येईल का?"

मी एक बटण दाबलं. माणूस हात उंचावून जागेवर हजर! गॉडफ्रीने डोळे मोठे केले. मी म्हटलं, "मी कोणाला डिलीट करतच नाही, नुसतं लपवून ठेवते. राजकारणातल्या माणसाला डिलीट करून चालतं होय?"

एक गोष्ट मात्र मला त्या फोटोत कायम खटकायची. मास्तरांच्या उजव्या बाजूला एक मोकळी जागा होती. सगळे खांद्याला खांदा लावून उभे, आणि तिथेच एक माणूस मावेल एवढी फट. मूळ फोटोच तसा आला होता. मी गॉडफ्रीला विचारलं, तर पहिल्यांदाच त्याने विषय बदलला.

*

मध्ये एका निवडणुकीला होडी आणि शिडीची युती झाली. सोमवारी फोन आला, टोप्या हव्यात, अर्धी हिरवी अर्धी पिवळी, एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला शिडी. आम्ही जिवाचं रान केलं. टोप्या तयार झाल्या, पेट्या भरल्या, पट्ट्या मारल्या.

शुक्रवारी फोन. "थांबा! युती तुटली!"

आता त्या टोप्यांचं करायचं काय? भारतीताई म्हणाल्या, "आमच्या इकडं द्या. लावनीला उन्हापावसात बायांना डोकी झाकाया होतील." टेम्पो भरून टोप्या कामणला गेल्या.

तिकडे ती युती आठवडाभरसुद्धा टिकली नाही. कामणच्या भातशेतीत ती अजून मजबूत आहे!

*

सगळ्यात मोठी फजिती झाली ती हरेश्वर आणि भारतीताईंची.

झालं असं, की एवढी वर्षं छापून छापून हरेश्वर पक्का होडीवाला झाला होता. होडीवर टीका केलेली त्याला खपायची नाही. भारतीताई शिडीच्या, कारण एकच माणूस पसंत करायला लावणाऱ्या पक्षाचा त्यांना राग. एका निवडणुकीच्या वेळी डबे खाताना दोघांची अशी जुंपली, की बोलणंच बंद झालं. हरेश्वरला शर्ट पॅकिंगला द्यायचे असले, की तो मला सांगायचा, "मॅडम, त्यांना सांगा, माल झाला." त्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या! त्यापण मलाच सांगायच्या, "त्यांना म्हनावं, ठेवा तिथं."

त्याच सुमारास होडीचे एक मंत्री आणि शिडीचे एक मोठे नेते, दोघंही माल बघायला भारतात आले. शेठनी काळजीपूर्वक दोघांना वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या. पण वसईच्या ट्रॅफिकपुढे शेठचं काय चालणार? हायवेवर मंत्री अडकले, नेते लवकर सुटले, आणि दोघांच्या गाड्या एकदमच गाळ्यासमोर येऊन थांबल्या!

आम्ही दाराशी गर्दी करून बघतोय. हरेश्वर मंत्र्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. भारतीताई पदर खोचून नेत्यांच्या बाजूला. आता काय होतंय!

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि धावत जाऊन कडकडून मिठी मारली! लहानपणी एका बाकावर बसायचे म्हणे. मग शेठच्या केबिनमध्ये एकाच ताटलीतून दोघांनी आमच्याकडचं कोंबडी-पोह्यांचं भुजिंग खाल्लं. जाताना दोघं एकाच गाडीत बसून गेले, दुसरी गाडी मागून रिकामी.

हरेश्वरचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी इतक्या दिवसांनी तो थेट भारतीताईंकडे वळला आणि म्हणाला, "ताई, आपन येडे."

"लय येडे," भारतीताई म्हणाल्या, आणि डब्यातली बोंबलाची चटणी त्याच्यापुढे सरकवली.

*

आणि मग आल्या आग्नेसबाई.

एजंट नाही, गाडी नाही. रिक्षातून उतरल्या, हातात एक पिशवी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नर्स होत्या म्हणे इतकी वर्षं. म्हणाल्या, "मी अपक्ष आहे. मला थोडेच शर्ट हवेत. एवढं छोटं काम घ्याल का?"

शेठ म्हणाले, "बसा आधी. चहा घ्या."

चहा घेता घेता त्यांनी पिशवीतून एक पासपोर्ट साइज फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात लपवून ठेवलेला, म्हणाल्या. कोट घातलेला एक देखणा तरुण होता. "माझे वडील. तुमच्याकडे स्वातंत्र्याच्या दिवसाचा फोटो आहे ना? त्यात मास्तरांच्या उजव्या हाताला ते होते."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ती फट!

मास्तरांनी बाकीच्या पक्षांवर बंदी आणली, त्या दिवशी सभागृहात एकटा माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, हे चूक आहे." तो माणूस म्हणजे आग्नेसबाईंचे वडील. मास्तरांचा जिवलग दोस्त. त्यांची खुर्ची गेली, घर जप्त झालं, ऐन तरुणपणातली वर्षं तुरुंगात गेली. फोटोतून तर कोणीतरी ब्लेडने कापूनच काढलं. सुटून आले ते गप्प होऊन. होडी गेली, शिडी आली, पुन्हा होडी आली, हा माणूस एकदाही मत द्यायला घराबाहेर पडला नाही. म्हणायचे, "माझं मत मी दिलंय. त्याचं काय झालं ते बघितलं."

"आता ते नव्वदीला टेकलेत," आग्नेसबाई म्हणाल्या. "त्यांच्याच मतदारसंघातून मी उभी आहे. मला निवडून यायचंय, पण त्याआधी एकदा त्यांना त्या दारातून बाहेर काढायचंय. बस."

मी तो चेहरा स्कॅन केला आणि त्या फटीत बसवला. खांद्याला खांदा बरोबर जुळला! आग्नेसबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, आणि त्यांना रडू कोसळलं. मलाही. हरेश्वर उगाच शाई ढवळत बसला होता.

मग भारतीताईंनी विचारलं, "पन बाई, तुमची निशानी काय?"

आग्नेसबाईंनी डोळे पुसले. "चांगली चिन्हं मोठ्या पक्षांनी घेतली. उरलेल्यातलं मिळालं. उखळ." त्यांच्याकडे मका उखळात कांडतात. चिन्ह जरा कमीपणाचं वाटत असावं त्यांना.

"अहो, मंग आनकी काय पायजे!" भारतीताई ओरडल्या. "घरोघरी फुकटचा प्रचार! आनि कांडनारी बाई रोज तुमच्याच निशानीवर मुसळ धरून उभी!"

*

आग्नेसबाईंचे थोडेसे शर्ट आम्ही सगळं बाजूला ठेवून पाठवले. महिनाभराने होडीवाल्यांची ऑर्डर आली. हिरवे शर्ट, ढिगाने. गॉडफ्रीने पत्ता सांगितला आणि मी लिहिता लिहिता थांबले. सगळा माल आग्नेसबाईंच्या मतदारसंघात जायचा होता! त्यांची हवा होतेय हे बघून पक्षाने ठरवलं होतं, घरोघरी शर्ट वाटून तळ्याकाठचं प्रत्येक अंग हिरवं करायचं.

हरेश्वरने स्क्रीन खाली ठेवली. "शेठ, मी नाय छापनार."

शेठ म्हणाले, "ऑर्डर ती ऑर्डर. आपण कोणाचं काम नाकारलंय का कधी?"

"नाकारू नका. पन सगले स्मॉल साइज पाठवू," भारतीताईंनी तोडगा काढला. "कोनाच्या अंगातच जानार नाय!"

"नाहीतर शाई अशी लावतो, का पयल्या धुन्यात होडी बुडल!" हरेश्वरला हुरूप आला.

शेठचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी चढला. "खबरदार! त्या बाईने आपल्यावर विश्वास टाकला, तसाच त्यांनीपण टाकलाय. माल एक नंबर गेला पाहिजे. वाईट मला वाटत नाही का?"

मग आम्ही काम केलं. सगळ्यांचे चेहरे मयतीला आल्यासारखे. आणि काय सांगू, शर्ट असे सुरेख झाले! जाड कॉटन, मऊ, शिलाई कुठे उसवेल तर शपथ. हरेश्वरने शेवटचा शर्ट उजेडात धरला, आणि एवढंसं तोंड करून म्हणाला, "मॅडम, या शर्टात मानूस झकास दिसनार. हेच वाईट झाला."

*

मतदानाच्या दिवशी तिकडून काहीच कळलं नाही. आग्नेसबाईंचा फोन बंद. गॉडफ्रीने फक्त एक फोटो पाठवला, मतदान केंद्राबाहेरच्या रांगेचा. शाळेच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत नुसता हिरवा रंग! बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे आमच्याच शर्टात. भारतीताईंनी फोन माझ्या हातात परत दिला आणि त्या दिवशी डबा उघडलाच नाही. शेठ घरी लवकर गेले.

दोन दिवसांनी, दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना, शेठच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आग्नेसबाई. डोळे सुजलेले, आवाज पूर्ण बसलेला. मागे कसलातरी प्रचंड गोंगाट. आम्ही हातातला घास डब्यात परत ठेवला.

"पास्कल," त्या म्हणाल्या, "आले! मी निवडून आले!"

मग काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. इस्त्रीवाला टेबलावर चढला होता. हरेश्वरने पिवळी, हिरवी जी हाताला लागेल ती शाई सगळ्यांच्या गालाला फासली. शेठ रुमालात तोंड खुपसून मोठ्यांदा रडत होते, आणि भारतीताई त्यांची पाठ थोपटत, "गप, गप," म्हणत स्वतःच रडत होत्या.

जरा शांत झाल्यावर त्याच भारतीताई फोनजवळ गेल्या. "बाई, आनि वडील? आले का भायेर?"

शेठनी विचारलं, आणि आग्नेसबाई हसायला लागल्या. मग जे म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगते. मतदानाच्या सकाळी ती हिरवी रांग बघून माझा धीरच सुटला. मी वडिलांच्या अंगणात जाऊन बसले. रडत होते. ते आत, दार नेहमीसारखं बंद. म्हटलं, संपलं सगळं, आता यांना तरी कशाला त्रास द्यायचा.

तेवढ्यात कडी वाजली. दार उघडलं. वडील दारात उभे! दाढी केलेली, डोक्यावर जुनी हॅट, हातात काठी. आणि अंगात होडीवाल्यांचा हिरवा शर्ट!

मी किंचाळलेच, "पपा! तुम्हीसुद्धा? हा कोणाचा शर्ट घातलात? विसरलात का सगळं?"

त्यांनी मान खाली घालून शर्टाकडे बघितलं. छातीवरची होडी तळहाताने नीट सपाट केली.

"या लोकांनी माझी खुर्ची नेली, घर नेलं, तरुणपण नेलं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत दिलेली वस्तू ही एकच. आणि कापड चांगलं आहे. ऊठ, चल. त्यांना पाडून येऊ."